पाचर मारलेली तार : जुन्या शिडाच्या बोटीसाठी स्टा-लॉक टर्मिनल

निकाल आधीच सांगतो. २५ ते ३५ फुटी, वीस-तीस वर्षं पाण्यात काढलेल्या बोटीच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा बदलायच्या असतील, तर खालची सगळी टोकं स्टा-लॉकची घ्यावीत. वरची टोकं मशीनवर दाबून बसवलेली, म्हणजे स्वेज केलेली, चालतात. सगळीच टोकं स्टा-लॉकची करणं ही हौस झाली, आणि मुंबई-गोव्याच्या हवेत एकही न घेणं ही खोटी काटकसर.

स्टा-लॉक हे इंग्लंडात बनणारं, तारेच्या टोकाला हातानं बसवायचं टर्मिनल. मशीन लागत नाही. दोन पाने, एक व्हाइस आणि अर्धा तास शांत डोकं एवढ्यावर काम होतं. भाग चार: तारेवरून सरकणारी सॉकेट, आत बसणारी शंकूच्या आकाराची पाचर, फॉर्मर नावाचा छोटा तुकडा, आणि वरून आट्यांनी आवळायचं टोक. हे टोक डोळ्याचं, काट्याचं किंवा टर्नबकलात, म्हणजे तार आवळायच्या स्क्रूत, जाणाऱ्या स्टडचं मिळतं. आपल्याकडे पाचर मारणं म्हणजे चालत्या कामात खोडा घालणं. इथे मात्र तीच पाचर डोलकाठी उभी ठेवते. तारेवर ओढ आली की बाहेरच्या लडी पाचरीला सॉकेटच्या निमुळत्या तोंडाकडे खेचतात, त्यामुळे ओढ जितकी जास्त तितकी पकड घट्ट.

स्वेजमध्ये पोलादी नळी तारेवर प्रचंड दाबानं चेपलेली असते. काम चोख असेल तर ताकदीत ती स्टा-लॉकपेक्षा कमी नाही, आणि किमतीला बरीच स्वस्त. घोळ होतो तो खालच्या टोकाला. उभ्या तारेवरून ओघळलेलं पाणी खालच्या स्वेजच्या तोंडाशी येऊन थांबतं. लडींच्या फटींतून ते आत शिरतं, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. स्टेनलेसला गंजू न देणारा पापुद्रा टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. बंद फटीत तो पोहोचत नाही, मीठ मात्र साचत जातं. मग नळीला लांबीच्या दिशेनं केसासारखी चीर पडते. वरच्या टोकाचं तोंड खाली असल्यामुळे पाणी आपोआप गळून जातं, म्हणून वर स्वेज ठेवायला हरकत नाही. स्टा-लॉकच्या पोकळीत सीलंट भरलेलं असतं, पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. अर्थात ते नीट भरलं असेल तरच. त्याबद्दल पुढे.

जुन्या स्वेजची चीर नुसत्या डोळ्यांना दिसतेच असं नाही. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात डाय पेनेट्रंटचा तीन डब्यांचा संच मिळतो: साफ करायचा द्रव, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. टोक साफ करून लाल रंग मारावा, पत्रकात दिलेला वेळ थांबावं, पुसावं, मग पांढरा फवारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नळी केळ्यासारखी वाकलेली दिसली तर एवढंही करू नका. ती मुळातच वाकडी दाबली गेली होती, काढून टाका. लडीवरचा तांबूस डाग पुसून गेला तर तो नुसता डाग. नळीच्या तोंडाशी एक जरी लड तुटलेली सापडली, तर ती तार बाद. त्या वयाच्या बाकीच्या ताराही बाद धराव्यात, कारण सगळ्यांनी सारखंच मीठ आणि सारखंच ऊन खाल्लेलं असतं. दहा ते पंधरा वर्षं ही तारांची सर्वसाधारण वयोमर्यादा मानतात, आणि बरेच विमेवाले दहाव्या वर्षानंतर प्रश्न विचारू लागतात.

आता मागणीचा हिशेब. नमुना म्हणून ३० फुटी, एका डोलकाठीची, दोन्ही स्टे टोकापर्यंत जाणारी बोट धरू. तारा आठ: डोलकाठीला पुढून आणि मागून धरणारे पुढचा स्टे, मागचा स्टे; बाजूंनी शेंड्यापर्यंत जाणारे दोन कॅप श्राउड; आणि काठीच्या मध्यापर्यंतच जाणारे चार लोअर. टोकं सोळा. स्टे आणि कॅप श्राउड ६ मिमी, लोअर ५ मिमी. डोलकाठी १२ मीटरच्या आसपास असेल तर प्रत्येक तारेमागे अर्धा मीटर जादा धरून ६ मिमीची साधारण ५२ मीटर आणि ५ मिमीची २६ मीटर तार लागते. शिवाय खालची आठ स्टा-लॉक टोकं, वरची आठ स्वेजची, आणि दोन्ही मापांच्या दोन-दोन सुट्या पाचरी. या सुट्या पाचरी विसरू नका. पहिली पाचर बहुतेकांची वाया जातेच.

तार १×१९ बांधणीची, म्हणजे १९ लडी एकत्र पिळलेली, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची हवी. ६ मिमीची तुटण्याची ताकद ३ टनांच्या जरा अलीकडे असते, ५ मिमीची २ टनांच्या आसपास. आपल्या बाजारात जिन्याच्या नि गॅलरीच्या कठड्यासाठी विकली जाणारी स्टेनलेस तार दिसायला हुबेहूब अशीच असते. ती ३०४ ग्रेडची असू शकते, आणि ३०४ समुद्रावर फार लवकर तांबूस होते. चाचणीचं प्रमाणपत्र आणि त्यावरचा बॅच क्रमांक रिळावरच्या क्रमांकाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी फसगत अशी की क्रेनच्या स्लिंगा बनवणारा कारखाना अ‍ॅल्युमिनियमची फेरुल, म्हणजे आखूड नळी, दाबून तारेला फास करून देतो आणि त्यालाच ‘स्वेजिंग’ म्हणतो. ते वेगळं काम. डोलकाठीच्या तारेवर ते घेऊ नये. वरच्या टोकांसाठी योग्य मशीन जवळ नसेल, तर मापं पाठवून एक टोक स्वेज केलेल्या तारा मागवायच्या आणि खालचं टोक बोटीवर कापून स्टा-लॉक लावायचं. या टर्मिनलचा खरा उपयोग इथेच. माप पाच सेंटीमीटरनं चुकलं तरी तार फुकट जात नाही. लांब आलेली तार कापता येते. आखूड आलेलीला इलाज नाही.

पाचर तारेच्या नेमक्या मापाची आणि नेमक्या बांधणीची लागते. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, या दोन तारांच्या पाचरी वेगळ्या. अमेरिकेत बांधलेल्या जुन्या बोटींवर इंचाची मापं असतात, युरोपात बांधलेल्यांवर मिलिमीटरची. आणि मधल्या कुठल्या तरी मालकानं एकच तार बदललेली असेल तर एकाच डोलकाठीवर दोन्ही मापं निघतात. व्हर्नियरनं प्रत्येक तार मोजा. डायफॉर्मसारखी दाट बांधणीची तार असेल तर तिची पाचर आणखी वेगळी. पिनांचंही तसंच. १२ मिमीच्या भोकात अर्ध्या इंचाची पिन जात नाही. उलट, अर्ध्या इंचाच्या भोकात १२ मिमीची पिन सहज जाते नि खडखडत राहते. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती महिनोन्महिने लक्षात येत नाही आणि भोक लंबगोल होऊन बसतं.

मापं डोलकाठी उतरवण्यापूर्वी घ्यावीत, तारा ताणलेल्या असताना. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, टर्नबकलचे किती आटे बाहेर आहेत त्या नोंदीसह. मुंबईत बोटी पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर येतात, तेव्हा मापं मार्च-एप्रिलमध्ये घेऊन मागणी तेव्हाच नोंदवली तर माल हाती पडून पावसाळ्यात छपराखाली काम उरकतं. जुन्या तारांना चिठ्ठ्या बांधून नव्या बसेपर्यंत जपून ठेवा. जुनी तार वर्षानुवर्षं ताणून लांबलेली असते. म्हणून नवी कापताना टर्नबकल साधारण दोन-तृतीयांश उघडा धरून लांबी ठरवावी, म्हणजे नवी तार बसल्यावर आवळायला वाव राहतो. टर्मिनलच्या आत तार किती शिरते ते कोष्टक डब्यातल्या पत्रकात असतं. ते वजा-अधिक केल्याशिवाय करवत उचलू नये.

आता जोडणी. तारेवर टेप गुंडाळून टेपमधूनच कापायचं, म्हणजे लडी विस्कटत नाहीत. बारीक दातांची करवत किंवा ग्राइंडरवर १ मिमीची चकती चालते. बोल्ट कापायची कात्री अजिबात नको. ती टोक चपटं करते आणि मग पाचर शिरत नाही. ग्राइंडर वापरणार असाल तर डेक झाकून घ्या, नाहीतर उडालेल्या कणांचे तांबूस ठिपके पुढचं वर्षभर घासत बसावं लागतं.

कापल्यावर पहिलं काम सॉकेट तारेवर चढवण्याचं. पाचर बसल्यावर सॉकेट बाकावरच राहिली हे लक्षात येणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी चूक. मग बाहेरच्या १२ लडी छोट्या स्क्रूड्रायव्हरनं पिळाच्या उलट दिशेनं सोडवायच्या. आत ७ लडींचा गाभा उरतो, तो सोडवायचा नाही. पाचरीचं अरुंद तोंड तारेकडे करून ती गाभ्यावर सरकवायची. तिच्यापुढे तार साधारण व्यासाच्या दीडपट उरली पाहिजे, म्हणजे ६ मिमीला ९ मिमी. आता १२ लडी पुन्हा मूळ पिळानं पाचरीभोवती एकेक बसवायच्या. पाचरीला एका बाजूला उभी खाच असते, दाबल्यावर ती मिटावी म्हणून. एखादी लड या खाचेत घसरली तर पाचर मिटत नाही आणि ११ लडींवर सगळा भार येतो. बाहेरून हे कधीच दिसत नाही. त्यामुळे लडी बसवून सॉकेट वर ओढली, की भिंगातून तोंडाकडे बघा: १२ लडी, सारख्या अंतरावर, एकही दुसरीवर चढलेली नाही.

त्यानंतर टोकाच्या आत फॉर्मर टाकून ते सॉकेटवर फिरवायचं आणि पान्यानं आवळायचं. किती, तर हाताला ठाम विरोध जाणवेपर्यंत. पान्याला पाइप लावून नव्हे. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे जोरात घासले की चावून जाम होतात. तसं झालं तर टर्मिनल करवतीनंच निघतं. आवळलं की पुन्हा उघडायचं. ही पायरी गाळणारे बरेच. उघडल्यावर लडींची टोकं फॉर्मरवरून आत नीट वळलेली, फुलाच्या पाकळ्यांसारखी सारखी दिसली पाहिजेत. एखादी बाहेर पसरून आट्यांत चेपली असेल, तर तेवढा तुकडा कापून नव्या पाचरीनं पहिल्यापासून. हात लावून सरळ करण्याचा मोह टाळा.

सगळं ठीक दिसलं की पोकळीत सीलंट भरायचं, आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे सुटू न देणारा द्रव, दोन थेंब टाकायचं आणि शेवटचं आवळायचं. सॉकेटच्या तोंडाशी, जिथून तार बाहेर येते तिथून, सीलंटची बारीक कड बाहेर आली पाहिजे. ती दिसली नाही तर आत हवा आहे, आणि हवेच्या जागी उद्या पाणी येईल. बांधकामाचं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन इथे वापरू नये. मरीन पॉलिसल्फाइड किंवा उदासीन जातीचं सीलंट घ्यावं. थ्रेडलॉक विसरल्यास काय होतं? तार ओढ घेताना आणि सोडताना किंचित पिळते, आणि टोक महिन्यागणिक एकेक आटा सुटत जातं. वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला सैल पडणारी तार प्रत्येक टॅकवर, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूनं घ्यायला बोट वळवताना, हिसका खाते, तिथे हे आधी घडतं.

या मालाची खोट सांगायची तर हीच: तो चुका पोटात घालत नाही, आणि बंद झाल्यावर चूक दाखवतही नाही. स्वेजची चीर निदान बाहेरून शोधता येते. शिवाय ते जाडजूड आणि वजनदार, म्हणून डोलकाठीवर उंच आठ लावणं शर्यतवाल्यांना पटणार नाही. किंमत स्वेजच्या दोन-तीन पट, त्यावर आयातीचा खर्च वेगळा. जमेची बाजू पुढच्या वेळी कळते. दहा-बारा वर्षांनी तारा बदलताना टर्मिनल तापवून थ्रेडलॉक सैल करायचं, उघडायचं, जुना फॉर्मर टोकातून काढायला विसरायचं नाही, आणि नव्या पाचरीवर तेच सॉकेट, तेच टोक पुन्हा लावायचं, अर्थात आटे नि भिंती निर्दोष असतील तर. दुसऱ्या फेरीला खालच्या टोकांमागे खर्च फक्त तारेचा, पाचरींचा आणि फॉर्मरचा.

अमेरिकेतल्या हेन कंपनीचं हाय-मॉड हे याच जातीचं टर्मिनल. त्यात लडींना जागच्या जागी धरणारी एक खाचांची कडी असते, त्यामुळे लड लडीवर चढण्याची भीती कमी. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला ते सोपं जातं. दोन्हींचे भाग एकमेकांत मिसळायचे नाहीत, एवढं पाळा. तारांऐवजी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरांचं रिगिंग हा तिसरा पर्याय: हलकं, हातानं विणता येणारं. पण ते सतत ओढीखाली हळूहळू लांबतं, त्याला उन्हाचा आणि घासण्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि जुन्या डोलकाठीवरच्या कित्येक जोडण्या बदलाव्या लागतात. जुन्या बोटीला ते आम्ही सुचवणार नाही.

नव्या तारा जुन्याच सांध्यांवर अडकवल्या तर सगळा खर्च पाण्यात. चेनप्लेट, म्हणजे तार बोटीला जिथे अडकते ती धातूची पट्टी, डेकमधून आरपार जाते तिथे, डेकच्या जाडीत, ती नेमकी दिसत नाही आणि तिथेच गंजते. बाहेर काढूनच बघावी. डेकचा गाभा लाकडी असेल तर कडेचा ओला भाग खरवडून, सुकवून इपॉक्सीनं भरावा. डोलकाठी आडवी असताना स्प्रेडरची, म्हणजे श्राउडना बाहेर ढकलून धरणाऱ्या आडव्या दांड्यांची, मुळं, तळाचा बूट आणि शेंड्यावरच्या पुल्या तपासाव्यात. जुन्या पुल्यांची खोबण तारेच्या हॅलियार्डसाठी, म्हणजे शीड वर ओढायच्या तारेसाठी, अरुंद, खोल कापलेली असते. त्यात दोर घातला तर तो कडेवर चिरडतो, म्हणून दोर बदलताना पुली पण बदलायची. अ‍ॅल्युमिनियममधले स्टेनलेस स्क्रू निघत नसतील तर आधी भेदक तेल, एक रात्र, मग उष्णता, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. पहिल्याच फटक्याला जोर लावला की डोकं तुटतं. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला टेफ-जेल किंवा ड्युरालॅक, म्हणजे दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा लेप, लागलंच पाहिजे. खारं पाणी लागलं की हे दोन धातू मिळून बॅटरीच होते आणि झीज अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येते. टेफ-जेल वाळत नाही, पुढच्या वेळी स्क्रू हातासरशी निघतो. मोठ्या पट्ट्यांच्या खाली ड्युरालॅक किंवा नायलॉनची चकती बरी. आतल्या वायरी रात्रभर डोलकाठीवर टकटक करू नयेत म्हणून दर मीटरला तीन केबल टाय, तीन दिशांना शेपट्या न कापता लावाव्यात. जुनी वायर ओढून काढताना तिच्या मागे दोरी बांधायची, हे सांगायला नको, तरी सांगतो.

टर्नबकलवर टेप गुंडाळून ठेवायची सवय सोडा. शिडाला ओरखडा लागू नये म्हणून लोक ती गुंडाळतात आणि आत मीठ-पाणी कोंडतात. मोठी पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात घालायच्या स्प्लिट पिनची टोकं आखूड कापून थोडीच फाकवा, आणि टेप हवीच तर फक्त पिनेच्या टोकावर. पुढच्या स्टेला दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे सगळीकडे वळणारा सांधा, हवा, कारण शीड त्याला आडवं ओढतं आणि टॉगल नसेल तर तो वाक टर्मिनलच्या तोंडाशीच येतो. स्टा-लॉक असो की स्वेज, ते वाकण्यासाठी बनलेलं नाही. स्प्रेडरचं टोक श्राउडच्या वरच्या आणि खालच्या कोनाला समान दुभागत असलं पाहिजे. खाली झुकलेला स्प्रेडर जोराच्या झुळुकीत तारेवरून घसरतो.

ताण मोजायला लूज कंपनीचा गेज सोयीचा, पण टेपवरही काम भागतं. तार नुसती हातानं घट्ट असताना तिच्यावर २ मीटर अंतर खूण करून घ्यावं. आवळत गेल्यावर ते अंतर १ मिमी वाढलं की १×१९ तारेवर तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के ओढ आली असं धरतात. टोकापर्यंत स्टे असलेल्या बोटीच्या कॅप श्राउडला साधारण १५ टक्के, म्हणजे ३ मिमी. मागे झुकलेल्या स्प्रेडरच्या डोलकाठीला २० टक्क्यांपर्यंत, आणि २५च्या पुढे कधीच नाही. दोन्ही बाजू आलटून-पालटून, दोन-दोन फेरे देत आवळायच्या आणि मधे मधे डोलकाठीच्या खोबणीतून डोळा लावून ती सरळ आहे का ते बघायचं. समुद्रावरच्या पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर सगळं पुन्हा मोजावं. नवी तार बसते, ताण उतरतो.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या पेटीत मागच्या स्टेपेक्षा थोडी जास्त लांबीची ६ मिमी तार, दोन स्टा-लॉक, चार पाचरी, दोन फॉर्मर आणि सीलंटची न उघडलेली नळी असावी. भर समुद्रात तुटलेली तार मशीनविना उभी करता येणं हा स्वेजला न जमणारा भाग. सप्टेंबर २०१८मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, तेव्हा ते स्वतः पाठीला मार लागून जागचे हलू शकत नव्हते. मोडलेली काठी तारांना लटकून बोटीवर आदळत राहिली तर बोट फुटू शकते, म्हणून तारा सोडवण्याचं काम मिनिटांत व्हावं लागतं. ७ मिमीहून जाड तारेला हाताची कात्री पुरत नाही, हायड्रॉलिक लागते. आणि तीही हाताशी नसेल तेव्हा उपयोगी पडते ती पक्कडीनं एका ओढीत निघणारी, थोडीच फाकवलेली स्प्लिट पिन. मागे वळवून गोल गुंडाळलेली तशी निघत नाही.